एसी दुरुस्त करावा की बदलावा?

उन्हाळा तापला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: मेकॅनिक येऊन गेला, त्यानं मोठा आकडा सांगितला, आता काय करू? या वेळी अमेरिकेतल्या दोन वाचकांची सेंट्रल एसीबद्दलची पत्रं आधी घेतली आहेत. तिकडे अख्ख्या घराला एकच यंत्र असतं आणि निर्णय चुकला तर हजारो डॉलरचा फटका बसतो. नवी मुंबई, पुणे आणि गोव्याची पत्रं त्यानंतर.

प्रश्न (डॅलसजवळ, टेक्सास): आमचा साडेतीन टनांचा सेंट्रल एसी १४ वर्षांचा आहे, गॅस आर-४१०ए. परवा दुपारी घर तापायला लागलं. बाहेरच्या युनिटमधून नुसता गुंऽऽ आवाज येत होता, पंखा फिरत नव्हता. टेक्निशियननं दहा मिनिटांत सांगितलं, ‘कॉम्प्रेसर गेला. बदलायला ३,८०० डॉलर. पण युनिट जुनं आहे, त्यात हा गॅसही आता बंद झालाय. १४,००० मध्ये सगळंच नवं घ्या.’ घरात सासूबाई आहेत, त्यांना उकाडा सोसत नाही. लगेच हो म्हणू का?

उत्तर: लगेच नको. आधी सासूबाईंची सोय करा. ५,००० ते ६,००० बीटीयूचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या टनाचा, छोटा विंडो एसी दोन-अडीचशे डॉलरच्या आसपास दुकानात मिळतो. तो त्यांच्या खोलीच्या खिडकीत बसवला की घाई संपली. घाईत घेतलेला निर्णय हाच या सगळ्यातला सर्वांत महाग भाग असतो.

आता तुमच्या यंत्राकडे. गुंऽऽ आवाज आणि थांबलेला पंखा हे कपॅसिटर गेल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. कपॅसिटर म्हणजे मोटर फिरवायला लागणारा विजेचा धक्का देणारा, बाहेरच्या युनिटच्या कोपऱ्यातल्या कप्प्यात असणारा चंदेरी, लंबगोल डबा. डोक्यावर तीन टोकं असतात: एक सामाईक, एक पंख्याचं, एक कॉम्प्रेसरचं. अंगावर ४५/५ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे कॉम्प्रेसरसाठी ४५ मायक्रोफॅरड, पंख्यासाठी ५. बहुतेकांवर अधिक-उणे ६ टक्क्यांची सूट लिहिलेली असते, म्हणजे ४५ च्या जागी ४२.३ पेक्षा कमी भरलं तर तो बदलायचा. वरचं सपाट झाकण फुगून आलं असेल तर मीटर लावायचीही गरज नाही. टेक्सासच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत बसून हे डबे पाच-सात वर्षांत दम तोडतात. वस्तू १५ ते ४० डॉलरची. येण्याजाण्याची फी आणि मजुरी धरून बिल १५० ते ४०० डॉलरपर्यंत होतं.

मग ‘कॉम्प्रेसर गेला’ असं का म्हटलं? इथे नीट लक्ष द्या. कपॅसिटर गेला की पंखा थांबतो. पंखा थांबला की कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर जात नाही, तो भयंकर तापतो. कॉम्प्रेसरलाही तीन टोकं असतात: सामाईक, स्टार्ट आणि रन. त्याच्या पोटात एक सुरक्षा-स्विच असतो, तो उघडतो आणि सामाईक टोक तोडून टाकतो. अशा वेळी मीटर लावला तर सामाईक टोकापासून स्टार्टपर्यंत आणि सामाईक टोकापासून रनपर्यंत, दोन्हीकडे तार तुटल्यासारखं दिसतं. पण स्टार्ट ते रन मोजलं तर ओहम, म्हणजे विजेच्या रोधाचा आकडा, मिळतो. हा मेलेला कॉम्प्रेसर नव्हे, तापलेला कॉम्प्रेसर आहे. तो निवायला दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त लागतात. दुपारी चारला, पुढचा कॉल गाठायच्या गडबडीत, दहा मिनिटांत केलेलं निदान इथेच चुकतं.

म्हणून दुसऱ्या टेक्निशियनला सकाळी बोलवा, यंत्र रात्रभर बंद ठेवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, कपॅसिटरचे दोन्ही आकडे. दोन, कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधले ओहम. स्टार्ट-रनचा आकडा बाकी दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. तीन, कोणतंही टोक आणि तांब्याची नळी यांच्यामधला रोध. तिथे थोडेच ओहम दाखवले तर वाइंडिंग (आतल्या मोटरची गुंडाळलेली तार) बॉडीला लागलंय, मग कॉम्प्रेसर खरोखरच गेला. ब्रेकर चालू करताक्षणी उडत असेल तर तेच असण्याची शक्यता जास्त.

काँटॅक्टर, म्हणजे बाहेरच्या युनिटला वीज देणारा स्विच, तोही बघायला सांगा. टेक्सासमध्ये मुंग्या त्याच्या दोन संपर्कांच्या मध्ये शिरतात, चिरडतात, त्यांचा काळा थर साचतो आणि वीज पुढे जात नाही. ३०-४० डॉलरच्या त्या भागामुळेही अख्खं यंत्र ‘मेलेलं’ वाटतं. हे सगळं स्वतः उघडून बघू नका. आत २४० व्होल्ट असतात आणि भिंतीवरचा डिस्कनेक्ट काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज शिल्लक राहतो.

गॅसबद्दल तुम्हाला अर्धसत्य सांगितलं गेलं. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी आर-४१०ए ची नवी यंत्रं बनवणं आणि आयात करणं बंद झालं. नवी यंत्रं आर-४५४बी किंवा आर-३२ वर येतात. पण जुन्या यंत्रात भरण्यासाठी आर-४१०ए मिळतो. जो खरोखर मिळेनासा झालाय तो आर-२२. त्याचं उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० ला थांबली, आता जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेलाच काय तो बाजारात, तोही महाग. ज्यांच्या युनिटच्या पाटीवर आर-२२ लिहिलंय आणि गॅस गळतोय त्यांनी दुरुस्तीत पैसे घालू नयेत. तुमचं तसं नाही. मात्र नवा गॅस जुन्या यंत्रात भरून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. आर-४५४बी आणि आर-३२ दोन्ही सौम्य ज्वलनशील आहेत, जुनी यंत्रं त्यासाठी बनवलेली नाहीत.

तपासणीत कॉम्प्रेसर खरोखरच गेलेला निघाला तर आमचं मत स्पष्ट आहे: १४ वर्षांच्या यंत्रात ३,८०० डॉलर घालू नका. कॉम्प्रेसरची वॉरंटी सहसा १० वर्षांची, तीही यंत्र बसवल्यावर नोंदणी केली असेल तरच. ती केव्हाच संपली. जळालेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि ते नळ्यांतून फिरतं. फिल्टर-ड्रायर (नळीतला ओलावा आणि घाण शोषणारा भाग) बदलून, नळ्या साफ करून काम नीट केलं नाही तर नवा कॉम्प्रेसरही दोन उन्हाळ्यांत जातो. शिवाय पंख्याची मोटर आणि दोन्ही कॉइल १४ वर्षांचेच राहतात.

तिकडे एक ढोबळ नियम सांगतात: यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, ५,००० च्या वर गेलं तर नवं घ्या. तुमच्या बाबतीत ३०० डॉलरचा कपॅसिटर ४,२०० वर येतो, दुरुस्त करा. कॉम्प्रेसर ५३,२०० वर जातो, बदला. टोकाच्या केसेसना नियम चालतो. मधल्या केसेसना तो फसवा आहे. आठ वर्षांच्या यंत्राला ७०० डॉलरचं काम निघालं तर हिशेब ५,६०० येतो आणि नियम म्हणतो बदला. आम्ही म्हणू, अजिबात नको.

नवा घ्यायची वेळ आलीच, तर विजेच्या बचतीवर भाळू नका. हिशेब मांडून बघा. साडेतीन टन म्हणजे ताशी ४२,००० बीटीयू. वर्षाला १,८०० तास पूर्ण क्षमतेनं चाललं असं धरलं, तर जुन्या १३ सीअरच्या (सीअर म्हणजे वीज वापरण्यातल्या कार्यक्षमतेचा आकडा, जितका जास्त तितकी वीज कमी) यंत्राला सुमारे ५,८१५ युनिट वीज लागते आणि १६ सीअरच्या नव्याला ४,७२५. फरक १,०९० युनिटचा. युनिटला १५ सेंट धरले तर वर्षाला १६४ डॉलर. एवढ्यावर १४,००० वसूल होत नाहीत. नवं यंत्र घ्यायचं ते जुनं निकामी झालं म्हणून, बिल कमी होईल म्हणून नव्हे. २०२३ पासून लेबलवर सीअर-२ छापतात आणि त्याचा आकडा जुन्या सीअरपेक्षा थोडा कमी दिसतो. १६ सीअर म्हणजे साधारण १५.२ सीअर-२. दोन कोटेशनांची तुलना करताना एकात सीअर आणि दुसऱ्यात सीअर-२ लिहिलेलं नाही ना, ते पाहा. अमेरिकी केंद्र सरकारची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. तिच्या नावावर कोणी गळ घालत असेल तर ऐकू नका.

आणि टनांचा प्रश्न. ‘साडेतीनचा होता, आता चारचा घेऊ, गार छान होईल’ हा मोह टाळा. जास्त क्षमतेचा एसी झटकन थंड करून बंद होतो, हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. घर गार पण चिकट राहतं. कोटेशन देणाऱ्यानं खिडक्या, छताचं इन्सुलेशन, घराची दिशा धरून ‘मॅन्युअल जे’ नावाचा हिशेब केला का, ते विचारा. डक्टमधला, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या वाहिन्यांमधला, दाबही मोजायला लावा. बहुतेक घरगुती ब्लोअर पाण्याच्या ०.५ इंच दाबाच्या हिशेबानं बनवलेले असतात. परतीच्या हवेचा डक्ट अरुंद असेल आणि मीटर ०.८-०.९ दाखवत असेल तर नवं यंत्रही तसंच धापा टाकणार. नुसतं बाहेरचं युनिट बदलून आतला जुना कॉइल ठेवायचा सल्लाही घेऊ नका. आतला-बाहेरचा जोड जुळतो याचा एएचआरआय (यंत्रांची कामगिरी प्रमाणित करणारी संस्था) क्रमांक कोटेशनवर लिहून मागा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): सेंट्रल एसी आठ वर्षांचा. गेली तीन वर्षं दर जूनमध्ये दोन पाउंड गॅस भरतो. आता म्हणतात आतला कॉइल गळतोय, एवढा खर्च करण्यापेक्षा नवा घ्या.

उत्तर: गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. एकदा कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि दुसऱ्यांदा भरला तेव्हाच ती शोधायला हवी होती. तीन वर्षांचे ते पैसे वाया गेले, याचं वाईट वाटतं.

आधी गळती कुठे आहे ते ठरू द्या. सर्व्हिस व्हॉल्व्हमध्ये सायकलच्या ट्यूबसारखी एक बारीक पिन असते. ती झिजली की तिथूनच गॅस जातो आणि ती बदलायला काही डॉलर पुरतात. तिच्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का हे बघायला दोन मिनिटं लागतात, तरी सर्वांत जास्त वेळा हेच राहून जातं. तिथे काही नसेल तर यंत्रात नायट्रोजन भरून दाब धरतो का ते बघायचं, मग आतला आणि बाहेरचा भाग वेगळा करून तपासायचा. ‘कॉइल गळतोय’ हे अंदाजानं सांगितलंय की मोजून, ते विचारा.

कॉइलच असेल तर त्याचं कारणही समजून घ्या. रंग, फर्निचरचं पॉलिश, सफाईची रसायनं यांच्या वाफांतून हवेत फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल येतं. ते ओल्या तांब्यावर बसून आत वारुळासारखी सूक्ष्म बिळं कोरतं. छिद्र डोळ्यांना दिसत नाही आणि एक झाळून बुजवलं तर शेजारी दुसरं तयार असतं. म्हणून अशा कॉइलला डाग देत बसायचं नाही, तो बदलायचा. शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, त्याला हा रोग लागत नाही.

तुमच्या हातात मोठं पान आहे ते वॉरंटीचं. बसवल्यानंतर कंपनीकडे नोंदणी झाली असेल तर सुट्या भागांची वॉरंटी बहुधा १० वर्षांची असते, नोंदणी नसेल तर पाच. युनिटवरचा सीरियल नंबर घेऊन कंपनीला स्वतः विचारा, कंत्राटदाराच्या शब्दावर राहू नका. कॉइल फुकट मिळाला तरी मजुरी आणि गॅस तुमच्या खिशातून जाणार, साधारण हजार-दोन हजार डॉलर. आठ वर्षांच्या यंत्राला हा खर्च करण्यासारखा आहे.

काम चालू असताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा ५०० मायक्रॉनच्या (निर्वाताचं माप) खाली नेली पाहिजे आणि पंप बंद केल्यावर दहा मिनिटं आकडा टिकला पाहिजे. वर चढत गेला तर ओलावा किंवा गळती शिल्लक आहे. गॅस वजनकाट्यावर मोजून भरला पाहिजे. पाटीवर लिहिलेलं वजन बहुधा १५ फूट नळीसाठी असतं. त्यापुढच्या दर फुटाला, ३/८ इंची नळी असेल तर, आर-४१०ए सुमारे ०.६ औंस वाढवतात. ‘हाताला गार लागलं की पुरे’ म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई): दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट पाच वर्षांचा. इनडोअर कॉइल दुसऱ्यांदा गळला. सर्व्हिस सेंटर म्हणतं कॉइल काळा पडलाय. १० वर्षांची वॉरंटी लिहिलेली असूनही पैसे मागतात.

उत्तर: आधी देवघरात जाऊन बघा. चांदीचं निरांजन, तांब्याचा तांब्या घासून ठेवल्यावर आठ-दहा दिवसांत काळा पडतो का? पडत असेल तर तुमच्या घराच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड आहे. खाडी, नाला, मलनिस्सारण वाहिनी यांतून तो येतो आणि कॉइलच्या तांब्याचं तेच करतो जे निरांजनाचं करतो. नुसता नवा तांब्याचा कॉइल बसवला तर दोन-तीन वर्षांनी परत हीच वेळ येणार.

एक तपासणी फुकटात करा. एसीच्या पाण्याची नळी कुठे सोडली आहे? बाथरूमच्या ड्रेनेजच्या पाइपात थेट खोचलेली असेल तर गटाराची हवा त्या नळीतून उलट वर चढून नेमकी कॉइलवर येते. ती काढून बादलीत किंवा मोकळ्यावर सोडा. तसं जमत नसेल तर प्लंबरकडून यू-वळण घालून घ्या, त्यात कायम पाणी राहील असं.

वॉरंटीचं सांगायचं तर स्टिकरवरची १० वर्षं बहुतेक वेळा कॉम्प्रेसरची असतात, कॉइलची नव्हे. पावतीबरोबरचं कार्ड वाचा.

इनडोअर कॉइल, मजुरी आणि आर-३२ गॅस धरून दहा-बारा हजारांपर्यंत होत असेल आणि बाकी यंत्र ठीक असेल, तर एकदा दुरुस्त करा, पण कोटिंग केलेला कॉइल मिळाला तरच. कॉइल बदलल्यानंतर पुन्हा गळला तर मात्र सोडून द्या. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना कोणालाही टॉर्च पेटवू देऊ नका. गॅस काढून, नळीत नायट्रोजन फिरवून मगच झाळकाम. आणि व्हॅक्युम पंप न आणता गॅसनंच हवा हाकलून लावणारे भरपूर आहेत, त्यांना थांबवा. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळतो आणि कॉम्प्रेसर खातो.

नवा घेताना तारे किती ते बघताना त्यांच्याखाली लिहिलेली वार्षिक युनिटंही बघा. बीईई (तारे देणारी सरकारी संस्था) तो आकडा १,६०० तासांवर काढते. तुम्ही रोज आठ तास, चार महिने लावत असाल तर ९६० तास झाले, म्हणजे आकड्याच्या ६० टक्के. तीन आणि पाच ताऱ्यांत लेबलवर २५० युनिटांचा फरक असेल तर तुमच्या घरात तो १५० युनिटांचा, दहा रुपयांच्या दरानं वर्षाला दीड हजार. किमतीतला फरक आठ हजारांच्या वर असेल तर तीन तारे पुरेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तोही कोटेशनमध्ये नीट लागलाय ना, तपासा.

प्रश्न (बाणेर, पुणे): बंगल्यात डक्टेबल एसी आहे, नऊ वर्षांचा. गारवा छान, पण फॉल्स सीलिंगमधून पाणी ठिबकतं. डीलर म्हणतो आयुष्य संपलं.

उत्तर: गारवा छान आहे ना? मग यंत्र ठीक आहे, पाण्याची वाट बिघडली आहे. ड्रेन पाइपाला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. पीओपीच्या कामात हँगर सैल होऊन मधे झोळ पडतो आणि पाणी साचतं. ब्लोअर कॉइलच्या पुढे असेल तर तो ड्रेनमधून हवा आत ओढतो आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहतं. तिथे यू-ट्रॅप आहे का, त्यात पाणी भरलेलं आहे का, हे बघायला सांगा. ट्रेला गंजून भोक पडलं असेल तर ट्रे बदलतो, एसी नव्हे. पाइपात शेवाळ्याचा चिकट गोळा बसतो, तो व्हॅक्युमनं ओढून काढा आणि महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर ओता. शिवाय ट्रेमध्ये फ्लोट स्विच बसवून घ्या. पाणी वर आलं की एसी आपोआप बंद होईल आणि छत वाचेल.

प्रश्न (कळंगुट, गोवा): समुद्र समोरच. आउटडोअरच्या जाळ्या चार वर्षांत हाताला लागताच भुगा होतात.

उत्तर: खारं वारं कॉइलवरच्या या जाळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या, खातं. अर्ध्याहून जास्त पात्या गळून पडल्या असतील तर तो कॉइल उष्णता बाहेर टाकू शकत नाही, कॉम्प्रेसर जास्त दाबावर चालतो आणि बिल वाढतं. आउटडोअर कॉइल वॉरंटीत मिळाला तर बदला, नाहीतर अख्खं युनिट. नवं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका, घराच्या आडोशाच्या बाजूला लावा, नळी तीन-चार मीटर वाढली तरी चालेल. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून नळाच्या गोड्या पाण्यानं, कमी दाबानं धुवा. सर्व्हिसवाला अ‍ॅसिड मारून चकचकीत करून देतो म्हणाला तर नको म्हणा. उरलेल्या पात्याही त्यानं जातील.